उचललेले ताट

“पणजी डॉली, आजी पिंकी, आई जुली आणि ही चिमी,” शशीने गाडीतूनच सांगितले आणि लोकरीच्या गुंड्याएवढी ती पांढरी कुत्री खिडकीतून माझ्या हातांत दिली.

“सोयरीक जुळवायला निघाल्यासारखी कुळी सांगते आहेस,” मी म्हणाले.

“तुमच्या घरात पाऊल ठेवायचं म्हणजे तीन पिढ्या सांगाव्याच लागतात, आक्का. माझ्या वेळी तर चार विचारल्या होत्या.”

शशिकला ही माझी धाकटी जाऊ. तिचे बिऱ्हाड साताऱ्याला. धाकटे दीर वारल्याला तेव्हा चार वर्षे झाली होती, एकुलती एक मुलगी बडोद्याला दिलेली, आणि घरात ही आणि ती कुत्री अशा दोघीच. त्या दिवशी ती दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेला निघाली होती. वाटेत कराडला, आमच्या लाकडाच्या वखारीच्या फाटकाशी गाडी थांबवून, सहा आठवड्यांसाठी चिमीला ती माझ्या स्वाधीन करीत होती. मी एकोणसत्तर वर्षांची होते. घर, वखार आणि माणसे यांचा भार वाहून इतकी थकले होते, की हातांवर आणखी साडेतीन किलोंचे ओझे आले तेही मला जाणवले. पण थकल्याचे बोलून दाखवण्याची मला सवय नव्हती.

ऊन डोक्यावर आले होते. मी म्हणाले, “उतर. दोन घास खाऊन जा.”

“पोट भरलंय, आक्का.”

पस्तीस वर्षे तिचे हेच उत्तर होते. घरातल्या प्रत्येक कार्याला ती आली, पहाटेपासून पदर खोचून राबली, पाणी प्यायली, चहा घेतला. आमच्या घरी जेवणाच्या ताटावर मात्र ती बसली नाही. मीही कधी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही.

“आक्का, हिच्या खाण्याचं जरा सांगायचं होतं. ही एकटी…”

“ते मी बघते.”

“आणि झोपायचंही तिचं…”

“शशी, मी चार मुलं, दोन दीर आणि वखारीतले सोळा गडी वळणाला लावले. हे एवढंसं जनावर आठ दिवसांत सरळ करीन.”

ती थोडी हसली. मग खिडकीतून हात बाहेर काढून तिने चिमीच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाली, “ह्या थोरल्या. ह्यांच्या शब्दाबाहेर जायचं नाही.” गाडी सुरू झाल्यावर तिने मला हाक मारली. “आक्का, मला आता एवढंच आहे. परत आले की ही माझ्या हातात द्या, म्हणजे झालं.”

“आहे त्याहून चांगली देईन,” मी म्हणाले. माझ्या तोंडून गेलेला शब्द मी कधी मागे घेतला नव्हता.

पहिल्या दिवशीच तिच्या सवयींचा उलगडा झाला, असे मला वाटले. दुपारी बाराला माझ्या सुनेने, स्वरूपाने, चिमीच्या वाडग्यात दूधभात कालवून ठेवला. चिमीने तो हुंगला आणि वाडग्याशेजारी बसून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. पाच मिनिटे झाली, दहा झाली. चुचकारले तर शेपटी हलवी, दटावले तर कान पाडी; घास काही घेईना.

“आत्याबाई, हाताने भरवून बघू का?” स्वरूपाने विचारले. ती मला आत्याबाई म्हणते.

“अजिबात नाही. लाडावून ठेवलंय शशीनं. वाडगं पंधरा मिनिटं राहील. खाल्लं तर खाल्लं, नाही तर उचलायचं. पोटात कावळे ओरडले की आपोआप खाईल.”

पंधरा मिनिटांनी मी स्वतः वाडगे उचलले. चिमी ते वाडगे ओट्यावर जाईपर्यंत पाहत राहिली. रडली नाही, भुंकली नाही.

त्यानंतर आमच्या घरची पंगत नेहमीप्रमाणे चालली. आधी माझा मुलगा आणि वखारीतले कारकून जेवले, मग शाळेतून आलेली नातवंडे, मग त्या दिवशी लाकडाच्या नगांचा भाव करायला आलेले दोघे व्यापारी. सगळ्यांचे वाढून झाल्यावर, अडीचच्या सुमारास, मी पाटावर बसले. माझ्या सासूबाई असेच बसत आणि त्यांच्या सासूबाईही. चिमी माझ्यापुढे येऊन बसली आणि जिथे तिचे वाडगे ठेवले होते त्या रिकाम्या फरशीकडे पाहू लागली.

“आता का? आता वेळ गेली,” मी तिला म्हणाले.

संध्याकाळी चार वाजता, मी चहा घेत असताना, तिने वाटीभर दूध मात्र चटाचटा संपवले. हीच तिची लबाडी, असे मी स्वरूपाला समजावून सांगितले. दूध आवडते, भात नको. म्हणजे जिभेचे चोचले. स्वरूपाने मान हलवली आणि दुधाची वाटी विसळायला नेली. लग्न होऊन आल्यापासूनच्या अकरा वर्षांत माझ्यासमोर न बोलण्याची कला तिने चांगली साधली होती.

रात्रीचा प्रकार आणखी वाईट. नऊला मी तिची गोधडी जिन्याखाली घातली आणि तिला तिच्यावर बसवले. मी वळले की ती उठे. तेव्हा माझा दिनक्रम असा होता, की सगळे झोपल्यावर मी दारे, खिडक्या, गॅस, वखारीचे फाटक पाहून येई आणि मग माझ्या यजमानांच्या आरामखुर्चीत बसून राही. ते गेल्यापासून अंथरुणाला पाठ लावणे मला नकोसे झाले होते. एक वाजेपर्यंत, कधी दोनपर्यंत मी तशीच बसे. आता माझ्या पाठोपाठ फरशीवर नखांची टिकटिक फिरू लागली. मी खुर्चीत बसले की ती पुढ्यात उभी राही. बसत नसे, निजत नसे. डोळे मिटू लागले की दचकून ते उघडी आणि पुन्हा माझ्याकडे पाही.

“झोप,” मी सांगे.

ती शेपटी हलवी आणि उभीच राही.

तिसऱ्या रात्री मी तिला जिन्याखालच्या खोलीत घालून दार लावले. ती पहाटेपर्यंत कण्हत होती. तो आवाज मोठा नव्हता; मोठा असता तर मला रागावता आले असते.

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी शशीचा फोन आला. आवाज खोल गेला होता.

“चिमी जेवते का, आक्का?”

“उत्तम जेवते,” मी म्हणाले.

“आणि झोपते?”

“आपल्या जागेवर.”

पलीकडे ती इतक्या मोकळेपणाने हसली, की फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच उभी होते. स्वरूपा दारात होती. तिने ऐकले होते.

बाराव्या दिवशी चिमीला हातात घेतले तर केसांखाली फासळ्या बोटांना लागल्या. गाडी काढायला सांगून मी तिला गुरांच्या डॉक्टरांकडे, हेरवाडकरांकडे नेले. त्यांनी तिला तागडीत बसवले; दोन किलो सातशे भरली. पोट दाबून पाहिले, दात पाहिले, रक्त काढले.

“आजार काही दिसत नाही, आक्कासाहेब,” ते म्हणाले. “हे जनावर ठरवून उपाशी राहतंय.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

“ते तिलाच विचारा. मात्र आणखी आठवडा असाच गेला, तर सलाईन लावावं लागेल, आणि एवढ्याशा जिवाचा मी शब्द देणार नाही. तिची मालकीण कुठं आहे? त्यांना विचारा ना, ही घरी कशी जेवते ते.”

विचारायचे म्हणजे आठ दिवसांपूर्वी मी खोटे बोलले हे आधी सांगायचे. मी डॉक्टरांचे आभार मानले आणि घरी आले. गाडीत चिमी माझ्या मांडीवर होती. तिचे डोके माझ्या मनगटावर पडले होते आणि त्या डोक्याला वजनच नव्हते. शशीच्या हातात मी काय देणार होते, याखेरीज दुसरा विचार त्या वाटेत मला सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, स्वयंपाकघरात वाढप चालू असताना मला घेरी आली. बारा रात्रींचे जागरण, त्यात माझे वय. ओट्याची कड धरली म्हणून पडले नाही.

“बसा,” स्वरूपा म्हणाली. तिचा असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. “इथंच बसा, आत्याबाई. आधी दोन घास खा, मग उठा.”

“पुरुषमाणसं जेवायची आहेत अजून.”

“त्यांना हात आहेत. वाढून घेतील.”

तिने मला भिंतीला टेकवून फरशीवरच बसवले आणि वरणभाताचे ताट पुढे ठेवले. वाद घालण्याइतकेही त्राण माझ्यात नव्हते. मी एक घास घेतला.

माझ्या डाव्या हाताला चपचप असा आवाज झाला.

मी वळून पाहिले. चिमीचे तोंड वाडग्यात होते. मी पाहते आहे असे दिसताच ती थांबली, मान वर केली आणि माझ्या हाताकडे पाहू लागली. मी हात तसाच धरून ठेवला. तीही तशीच थांबली. मिशांना भाताचे शीत चिकटलेले. मी दुसरा घास घेतला. तिने तोंड खाली घातले. मी थांबले, ती थांबली. मी घेतला, तिने घेतला.

“आत्याबाई,” स्वरूपा हळूच म्हणाली, “थांबू नका. जेवत राहा.”

मी त्या दिवशी भूक नसताना ताटभर भात खाल्ला. चिमीने वाडगे चाटून लखलखीत केले. त्या रात्री मी दहा वाजता, कित्येक वर्षांनी, माझ्या पलंगावर जाऊन आडवी झाले. खाली नखांची टिकटिक झाली, पलंगाभोवती एक फेरी झाली आणि मग एक लांबलचक सुस्कारा ऐकू आला. मी वाकून पाहिले, तर ती माझ्या चपलांवर हनुवटी ठेवून गाढ झोपली होती.

सकाळी मी शशीला फोन लावला.

“मी तुझ्याशी खोटं बोलले,” मी म्हणाले. “बारा दिवस तिनं भाताला तोंड लावलं नाही. काल जेवली. मी जेवले तेव्हा.”

“मी तेच सांगत होते त्या दिवशी. ही एकटी जेवत नाही, थोरलं माणूस जेवल्यावर जेवते. आणि थोरलं आडवं झाल्यावर झोपते. म्हणून तर जाताना तिला सांगून गेले, ह्या थोरल्या म्हणून.”

“हे खूळ तिच्या डोक्यात भरवलं कुणी?”

“मीच. दुसरं कोण आहे घरात?”

“शशी, कुत्र्याला कुणी असलं काही शिकवतं का?”

“मुद्दाम नाही शिकवलं, आक्का. हे गेल्यावर एकटीचं ताट वाढून घ्यायला हात उठेना. मग हिला लहानपणीच सवय लावली. हिचं वाडगं भरायचं आणि दटावायचं, थांब, आधी मी. मग ही बिचारी माझ्याकडे बघत बसायची. तिच्यासाठी तरी मला जेवावं लागायचं. रात्रीही तसंच, ही उभी राहते म्हणून मी आडवी व्हायची.” ती थांबली. मग अगदी साध्या आवाजात, जणू भाजीचे प्रमाण सांगावे तशी म्हणाली, “आणि दुसरं शिकवणार तरी काय? तुमच्या घरात मी तेवढंच तर शिकले होते. थोरलीनं घास घेतल्याशिवाय धाकटीनं तोंड लावायचं नाही.”

मी फोन ठेवला आणि आरामखुर्चीत जाऊन बसले.

पस्तीस वर्षांपूर्वी वखारीत नवीन यांत्रिक करवत बसवली, तिच्या पूजेचा दिवस होता. दीडशे पान उठले. शशीला सातवा महिना होता आणि ती पहाटे चारपासून पुरण वाटत होती. तीन वाजून गेले तरी माझ्या माहेरची मंडळी पानावर होती, म्हणून मी उभी होते. काही आणायला आत गेले, तर ती कोठीच्या दाराआड ताट घेऊन बसलेली दिसली. दोन पुरणपोळ्या, त्यांतल्या एकीचा एक तुकडा मोडलेला. घास तोंडात होता. माझ्या मागे सात-आठ बायका होत्या.

मी म्हणाले, “शशी, मी अजून उभी आहे.” आणि तिच्यापुढचे ताट उचलले.

तिने तोंडातला घास गिळला, हात धुतले आणि वाढायला उठली. महिन्याभराने दिरांनी साताऱ्याला बिऱ्हाड केले. कुणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काही घडले आहे असे तेव्हा मला वाटलेही नव्हते. घराला वळण असते आणि ते थोरल्या सुनेने राखायचे असते, एवढेच मला ठाऊक होते.

त्या दिवशी दुपारी बाराला मी माझा पाट मांडला. पाटाशेजारी चिमीचे वाडगे. स्वरूपा वाढत होती.

“तू कधी जेवतेस?” मी विचारले.

“नंतर.”

“नंतर म्हणजे कधी?”

“तुमचं झालं की.” ती वरणाचा डाव हातात घेऊन उभी होती. “तीन वाजतात कधी कधी.”

“दुसरा पाट घे,” मी म्हणाले.

तिला आधी कळलेच नाही. मग तिने पाट घेतला, पण माझ्यापासून दोन हात लांब. आठवड्याभराने तो हातभर अंतरावर आला. माझ्या मुलाला स्वतःच्या हाताने वाढून घ्यावे लागले तेव्हा तो म्हणाला, “आईसाहेब, घरात राज्यक्रांती झाली की काय?” मी म्हणाले, “झाली. आमटी ओट्यावर आहे.”

पुढचे चार आठवडे मी बाराला जेवले, आठला जेवले आणि दहाला आडवी झाले. चिमीचे वजन तीन किलो आठशे भरले. हेरवाडकर म्हणाले, “आक्कासाहेब, सवय कशी मोडलीत?” मी म्हणाले, “एकीची मोडली.” त्यांना कळले नाही. मी खुलासा केला नाही.

शशी परत निघाली त्या दिवशी सकाळीच मी स्वतः पुरण शिजवायला घेतले. स्वरूपाने वाटू का म्हणून विचारले. मी नाही म्हणाले. खांदे भरून आले, तीनदा बसावे लागले, पण वाटले.

साडेअकराला गाडी फाटकाशी थांबली. चिमी सुटली ती थेट खिडकीवर उड्या मारू लागली. शशी काठी टेकत उतरली, खाली वाकता येत नव्हते म्हणून तिने काठी गाडीला टेकवली आणि दोन्ही हात पसरले. मी कुत्री उचलून तिच्या हातांत दिली. तिने पोट चाचपले, फासळ्या चाचपल्या, तोंड त्या केसांत खुपसले.

“जाड झाली की हो,” ती म्हणाली.

“आता आत चल.”

“नको आक्का, पोट भरलंय.”

“शशी,” मी म्हणाले, “तुझं एक ताट माझ्याकडे राहिलंय.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. ड्रायव्हरने गाडी बंद केली, तेव्हा वखारीतली करवत स्पष्ट ऐकू येऊ लागली.

“त्यात पुरणपोळी होती,” अखेर ती म्हणाली.

“आजही आहे.”

तिला खाली बसता येत नव्हते म्हणून नातवंडांचे अभ्यासाचे टेबल स्वयंपाकघरात आणले होते. मी तिला खुर्चीवर बसवले, ताट वाढले. दोन पुरणपोळ्या, कटाची आमटी, वर तुपाची धार. समोर माझे पान, शेजारी स्वरूपाचे, खाली चिमीचे वाडगे.

शशीने हात ताटाजवळ नेला आणि ती थांबली. माझ्याकडे पाहू लागली. खाली चिमी माझ्याकडे पाहत होती. स्वरूपासुद्धा.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“आधी तू,” मी म्हणाले.

“आक्का, असं कसं…”

“मी थांबले आहे, शशी. घास घे.”

तिने पोळी मोडली. तुकडा तुपात बुडवून तोंडात घातला आणि फार वेळ चावत राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते; घास गळ्याखाली उतरलेला दिसेपर्यंत पाहत होते. तिने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मग पदराने डोळे पुसत खाली पाहिले आणि एकदम हसली.

“आता तरी घ्या हो! सहा आठवड्यांत कुत्री फितवलीत माझी. तुम्ही घेतल्याशिवाय ही खायची नाही.”

खरोखरच चिमी वाडग्यापाशी बसून माझ्या हाताकडे पाहत होती. मी घास घेतला. टेबलाखाली चपचप सुरू झाली.

आम्ही तिघी सावकाश जेवलो. कुणालाही घाई नव्हती. शशीने दोन्ही पोळ्या संपवल्या, आमटी प्यायली, आणि ताटाला लागलेले तूप बोटाने निपटून घेतले. स्वरूपा तिचे ताट घ्यायला उठली.

“राहू दे,” मी म्हणाले.

टेबलाचा आधार घेऊन मी उभी राहिले आणि शशीच्या पुढचे ताट उचलले. ते स्वच्छ होते.